थोरल्या साडूंनी चादर धरली

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथून दिवसभर साबणाचा आणि वाफेचा वास येत असतो, तिथे धुलाईघर आहे. त्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणारे ते घडीराव. खरं नाव काय, ते त्यांना स्वतःलाही पगाराच्या दिवशीच ऐकायला मिळायचं. केस काळे होते तेव्हा नोकरीला लागले. आता केस चादरींच्या रंगाला आले होते, पण टेबल तेच आणि काम तेच.

तक्रारही तीच. घडीरावांची नोकरीविषयीची तक्रार ऐकली नाही असा माणूस त्यांच्या ओळखीत सापडला नसता. "शिंप्यानं शिवलेला सदरा दहा वर्षं अंगावर राहतो," ते म्हणायचे, "गवंड्यानं बांधलेली भिंत तो गेल्यावरही उभी असते. आणि माझं काम? सकाळी घडी घातली की संध्याकाळी कुणीतरी ती मोडून त्यावर पाय ताणून मोकळा. सोडणार आहे मी ही नोकरी!" बायको वाटाणे सोलता सोलता मान वर न करता म्हणायची, "सोडा की. पण आधी खालून बटाटे आणा, दुकान बंद होईल." मग ते पिशवी घेऊन खाली जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर.

या तक्रारीला खतपाणी मिळायचं ते थोरल्या साडूंकडून. घडीरावांच्या बायकोला एकच बहीण, ताई, आणि ताईंचे यजमान म्हणजे बड्या हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभे राहणारे साहेब. कोट, टाय, तोंड दिसेल असे बूट, आणि पाहुणा दारात दिसला की आपोआप उमलणारं हसू. सासऱ्यांच्या घरी सगळे जमले की खिडकीजवळची आरामखुर्ची थोरल्या जावयाची आणि स्टूल धाकट्याचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. घडीराव स्वतःच खुर्ची पुसून द्यायचे, चहाचा कप नेऊन हातात द्यायचे, आणि मग थोरले पायावर पाय टाकून विचारायचे, "काय धाकटेराव, बसतेय का घडी?" की सगळे हसायचे. सर्वांत मोठ्यानं सासरे. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वरून खाली बघायची सवय लागली होती, एवढंच, आणि त्या हॉटेलातलं ते टेबलही जरा उंचच होतं.

मग ते वर्ष आलं. असं का झालं, हे ज्याला विचाराल तो वेगळंच सांगत होता. न्हावी म्हणायचा, यंत्रांनी खाल्लं सगळं. सासरे म्हणायचे, सरकारनं खाल्लं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा, दोघांनी मिळून खाल्लं. कुणी का खाल्लं असेना, शहरातली एकेक दारं बंद होत चालली. काचकारखान्याची चिमणी थंड पडली. छापखाना आठवड्यातले निम्मे दिवस उघडू लागला, मग तेवढाही उघडेना. घडीरावांच्या शेजारी राहणारा छापखान्यातला गडी भर कामाच्या वेळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना दिसायला लागला. बिचारा दिवसातून इतक्या वेळा पाणी घालायचा की शेवटी झाडांनीच माना टाकल्या.

धुलाईघर मात्र धडधडत होतं. दवाखाना आहे तोवर खाटा आहेत, खाटा आहेत तोवर चादरी आहेत, आणि चादरी आहेत तोवर घडीराव. ही साधी साखळी त्यांच्या ध्यानात आली ती एका सकाळी, जिना उतरताना. सगळ्या जिन्यात एकट्या त्यांच्याच बुटांचा आवाज येत होता. ते मध्येच थांबले. कठड्याला धरून उभे राहिले. आपण ज्या नोकरीला इतकी वर्षं शिव्या घातल्या तिनं एकदाही आपल्याला टाकलं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना भरून आलं. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी ते कामावर जवळजवळ पळतच गेले.

आता घडीरावांचा स्वभाव असा की करायचं ते पोटभर. तक्रार केली तीही पोटभर, आणि कृतज्ञ झाले तेही तसेच. फाटकावरच्या रखवालदाराला ते सलाम ठोकू लागले, तेव्हा त्याला वाटलं यांना उसने पैसे हवेत. कपाटाच्या कडीला तेल दिलं. एकदा तर प्रेमानं रुळाच्या यंत्रावर हात ठेवला. हे यंत्र म्हणजे दोन मोठे तापलेले रूळ. ओली चादर एका बाजूनं आत जाते आणि कडक, कोरडी होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. हाताला फोड आला. बायकोनं मलम लावलं आणि म्हणाली, "आभार जरा लांबूनच मानत जा."

एक पंचाईत मात्र होती. संध्याकाळी हात जोडताना मागायचं काय? 'नोकरी अशीच चालू राहू दे' म्हणावं तर त्याचा अर्थ लोक असेच आजारी पडू देत, असा होतो. घडीरावांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. "सगळ्यांना बरं वाटू दे," ते म्हणू लागले, "पण चादर मळवल्यानंतर."

अशा दिवसांत एका दुपारी ताईंचा फोन आला. हॉटेल बंद झालं होतं. थोरल्यांना घरी बसवलं होतं.

"अरेरे," घडीराव म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, कारण ते 'अरेरे' जरा लवकरच आलं होतं. ते तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले. आरशात पाहतात तो तोंड हसत होतं. त्यांनी ओठ दाबून पाहिले, तरी हसू कडेनं बाहेर येईच. "काय थोरले," ते आरशाला हळूच म्हणाले, "बसतेय का घडी?" इतक्या वर्षांचं स्टूल त्या एका वाक्यानं मोकळं झालं. वाईट होतं, पण गोड होतं.

बाहेर आले तर बायको अजून फोनवरच होती. फोन ठेवून म्हणाली, "ताई सांगत होती, भाऊजी रोज सकाळी दाढी करून टाय बांधतात आणि बूट घालून खिडकीशी बसतात. जायचं कुठंच नाही, तरी. जेवायची वेळ झाली की बूट काढतात." मघाशी आरशाशी जे बोललो ते आपणच होतो यावर त्यांचा विश्वास बसेना. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. बायकोला वाटलं पित्त झालं असेल.

पुढची बातमी सासऱ्यांकडून आली, आणि मोठ्या आवाजात आली. थोरल्यांना भाड्याचं घर परवडणार नव्हतं, तेव्हा त्यांनी ताईंसकट सासऱ्यांकडेच राहायला यावं, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मागच्या खोलीतली मोडकी सायकल त्यांनी बाहेरही काढली होती. सासरे मनापासून बोलावत होते, यात शंका नाही. पण घरजावई होणं म्हणजे काय ते जावई झाल्याशिवाय कळायचं नाही. त्यातून सासऱ्यांना रोज जेवताना सरकारवर व्याख्यान द्यायची सवय होती, आणि ऐकता ऐकता उठून न जाणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. ताई रडत होत्या.

नेमकी त्याच सुमारास घडीरावांची जोडीदारीण, एक वयस्क बाई, काम सोडून लेकीकडे राहायला गेली. मोठी चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. दोन माणसं समोरासमोर लागतातच. जागा रिकामी आहे हे कळताच धुलाईघराच्या फाटकाशी रोज सकाळी माणसं उभी राहू लागली. बायकोनं ताटात भाजी वाढता वाढता विषय काढला.

"भाऊजींना विचारू या का?"

"थोरल्यांना? चादरींना?" घडीरावांचा घास हातात राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण त्यांना चटकन आठवली. हरी कोण ते उघड होतं. पण मग गाढव कोण ठरतं, हे ध्यानात आल्यावर त्यांनी ती मनातच ठेवली. "ते यायचे नाहीत," ते म्हणाले.

थोरले आले. दुसऱ्याच दिवशी, वेळेच्या आधी, टाय बांधून आले. धुलाईघराच्या मुकादमबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. या बाई उंच, धिप्पाड, आणि बोलणं कात्रीसारखं. "तो टाय रुळात गेला तर त्याच्यामागं तुम्हीही इस्त्री होऊन बाहेर याल," त्या म्हणाल्या. थोरल्यांनी टाय सोडला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला. "घडीराव सांगतायत म्हणून घेते," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत बघीन. जमलं तर राहा, नाही तर फाटकाशी उभे आहेत ते काही गंमत बघायला आलेले नाहीत."

आता काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. यंत्रातून चादर बाहेर आली की दोघांनी तिची दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि आडवी दुमडायची. त्या दोघांत एकाला म्हणतात उभा गडी आणि दुसऱ्याला चालता गडी. उभा गडी टेबलाला पाठ लावून असतो आणि जागचा हलत नाही. चालता गडी यंत्राच्या तोंडाशी असतो. दुमडलेली चादर घेऊन तो उभ्याकडे चालत येतो, आपली टोकं त्याच्या हातात देतो आणि लगेच माघारी फिरतो, कारण तोवर यंत्रानं पुढची चादर बाहेर काढलेली असते. उभा शेवटची घडी घालून चादर टेबलावर रचतो. जुन्या माणसानं उभं राहायचं, नव्यानं चालायचं. चादर जमिनीला लागली की संपलं, ती पुन्हा धुवायला जाते. दवाखान्यात त्याला माफी नाही.

पहिली चादर आली. दोघांनी धरली, ताणली, दुमडली. आता थोरल्यांनी चालत यायचं. घडीरावांनी समोर पाहिलं. चादरीच्या पलीकडे थोरले उभे होते, पाठ ताठ, चेहऱ्यावर ते हॉटेलातलं हसू. सासऱ्यांच्या घरी आरामखुर्चीत असत तसेच. आणि घडीरावांचे पाय आपोआप चालू लागले! इतकी वर्षं थोरल्यांकडे चहा नेलेले पाय ते, त्यांना कुठं कळतंय हे धुलाईघर आहे म्हणून? त्यांनी आपली टोकं अदबीनं थोरल्यांच्या हातात दिली. थोरले ती चादर कुणाचं तरी तान्हं मूल हातात दिल्यासारखी घेऊन उभे राहिले. टेबल राहिलं तिकडे लांब. घडीरावांनी चादर परत घेतली, टेबलाकडे धावले, आणि तेवढ्यात यंत्रातून दुसरी चादर निघाली आणि कुणी धरायला नसल्यामुळे आरामात जमिनीवर पसरली.

"पडली," मुकादमबाई लांबून म्हणाल्या.

दिवसभर हेच. कधी घडीराव निघायचे, कधी थोरल्यांना वाटायचं आपणही निघावं, मग दोघे मध्येच भेटायचे, "तुम्ही या", "छे छे, तुम्ही", असं व्हायचं, आणि मागे चादर पडायची. एकदा तर कपाळावर कपाळ आदळलं. इस्त्रीच्या टेबलावरच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. परत धुवायच्या चादरींची टोपली भरून वाहू लागली.

'दादा, तुम्ही इकडं चालत यायचं,' हे एक वाक्य घडीरावांनी बोलायचं होतं. ते त्यांच्या तोंडून निघेना. थोरल्यांना 'इकडे या' म्हणायचं? आणि तेही सगळ्यांदेखत? त्यातून आरशातलं ते हसू त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यांना वाटायचं, या माणसाच्या पडत्या काळात आपण हसलो, आता निदान त्याचा मान तरी राखावा. म्हणून ते आणखी अदबीनं चालत जायचे, आणि आणखी चादरी पडायच्या. एखाद्याला दुसऱ्याचा मान राखायचा असला की तो किती नुकसान करू शकतो, याला खरंच सीमा नाही.

मुकादमबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "घडीराव, तुमचे पाहुणे माणूस म्हणून चांगले आहेत हो. पण चादरी कोण धुणार, तुमचे सासरे?"

शुक्रवारी संध्याकाळी ताई आल्या. डोळे सुजलेले, पण येताना बहिणीसाठी अंडी आणायला विसरल्या नव्हत्या. "रात्री जेवण झालं की घरातली चादर काढतात," त्या सांगू लागल्या. "मला म्हणतात, धर पलीकडून, सराव करू या. माझं हसू आवरत नाही, पण धरते. दुमडून झालं की मी उभी आणि हेही उभेच. मी म्हटलं, या ना इकडे. तर म्हणतात, नाही, तू यायचं. धाकटेराव येतात ना माझ्याकडे, तसं. ती पद्धत आहे तिथली."

घडीराव बसल्या जागी ताठ झाले. थोरल्यांना काम जमत नव्हतं असं नव्हतंच. त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते इमानानं करत होते, रात्री जागून घोकतही होते, आणि शिकवणारा माणूस इथे वाटाण्यांच्या टोपलीशेजारी बसला होता.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?" बायकोनं विचारलं. तिच्या लगेच लक्षात आलं होतं.

"कसं सांगू? थोरले आहेत."

"उद्या शनिवार आहे," बायको म्हणाली. "उद्या सांगितलं नाहीत तर परवापासून ते बाबांच्या मागच्या खोलीत थोरले." ताईंना आधी काही उलगडेना, मग उलगडलं, आणि त्या घडीरावांकडे अशा पाहू लागल्या की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू घरी काही सांगू नकोस," बायको ताईंना म्हणाली, "हे यांनीच निस्तरायचं."

शनिवारी घडीराव रस्ताभर वाक्य पाठ करत गेले. पण पाठ केलेलं वाक्य आणि वेळेवर आलेलं वाक्य यांची गाठ क्वचितच पडते. पहिल्या चादरीला ते खाकरले. थोरल्यांनी काळजीनं विचारलं, "घसा धरलाय का?" दुसऱ्या चादरीला त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. थोरल्यांनीही डोळ्यांनीच उत्तर दिलं, कारण हॉटेलात पाहुण्याचा मान राखायची तीच रीत. तिसऱ्या वेळी घडीराव म्हणाले, "दादा, या बाजूला हवा जरा बरी येते, नाही?" थोरले म्हणाले, "मला इथंही बरंय." आणि घडीरावांचे पाय पुन्हा चालू लागले.

मुकादमबाई हाताची घडी घालून खांबाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. शनिवार म्हणजे शनिवार. यंत्राच्या तोंडातून पुढची चादर डोकावत होती. बाहेर फाटकाशी माणसं उभीच होती. घडीरावांनी एका पावलावर स्वतःला अडवलं. टेबलाला पाठ घट्ट टेकवली आणि डोळे मिटून ओरडले,

"अहो, चला की! खांबासारखे उभे काय राहिलात? तुम्ही यायचंय माझ्याकडे! तुम्ही!"

इस्त्रीच्या टेबलावरचे हात थांबले. यंत्र तेवढं धडधडत राहिलं. घडीरावांनी एक डोळा उघडला. थोरले चालत येत होते, झपझप. त्यांनी टोकं घडीरावांच्या हातात दिली आणि विचारलं, "मग?"

"मग लगेच मागे! ती बघा, आली! धरा!"

थोरले वळले, लांब ढांगा टाकत गेले आणि चादर जमिनीला टेकायच्या आत उचलली. वर्षानुवर्षं टेबलामागून धावत पुढे येऊन पाहुण्यांच्या बॅगा झेललेला माणूस तो. हाताला चपळाई होतीच, ती वापरायला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढची चादर आली, ते आले. त्यापुढची आली, ते आले. दुपारपर्यंत दोघांना अशी लय सापडली की इस्त्रीच्या बायकांना हसायला काही उरलं नाही, तेव्हा त्या आपल्या कामाला लागल्या.

चहाच्या सुट्टीत दोघे मागच्या पायरीवर बसले. घडीराव कपात बघत होते. माफी मागायची होती, ओरडल्याची, शिवाय आणखी एका गोष्टीची. पण थोरलेच आधी बोलले, आणि त्यांच्या आवाजात हॉटेल अजिबात नव्हतं.

"आठवडाभर तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुमचा मान..." घडीरावांनी सुरुवात केली.

"मान घरी द्या हो," थोरले म्हणाले. "मी नवखा आहे. मला कसं कळणार कुणी चालायचं ते? तुम्ही मान देत बसलात, आणि मला काम हवं होतं." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "काल रात्री मी हिला सांगितलं, आपलं सामान बांधायला घे."

मग घडीराव एकदम म्हणाले, "तुमचं हॉटेल बंद झालं ना दादा, तेव्हा मी हसलो. मोरीत जाऊन. आरशात बघून."

थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मोठ्यानं?" त्यांनी विचारलं.

"नाही, हळूच."

"मग ठीक आहे," थोरले म्हणाले. "मी तुम्हाला इतकी वर्षं मोठ्यानं हसत आलो." आणि ते हसले. हे हसू निराळंच होतं. जरा वाकडं, एका बाजूला दात पडलेला दिसणारं. घडीरावांनी ते आधी कधी पाहिलंच नव्हतं. मग दोघेही हसू लागले, इतके की मुकादमबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हसायचा पगार वेगळा मिळत नाही," त्या म्हणाल्या. आणि डोकं आत घेता घेता, जणू राहून गेलेलं एक किरकोळ काम सांगावं तशा म्हणाल्या, "उद्या रविवार आहे, पण आजाऱ्यांना रविवार नसतो. दोघांनीही या. थोरले, टाय घरी ठेवून या."

पाळी सुटली. दोघांनी हातपाय धुतले, सदरे बदलले आणि फाटकाबाहेर आले. माणसं अजून तिथेच होती. एकानं पुढे होऊन विचारलं, "आत काही आहे का हो काम?" थोरल्यांनी नुसती मान हलवली. त्या माणसाच्या डोळ्यांना डोळा त्यांना देता आला नाही. रस्ता ओलांडून ते पलीकडे थांबले. मग म्हणाले, "उद्या सकाळच्याच पाळीला ना?"

"सकाळच्याच."

बसच्या थांब्यावर बाकाच्या दोन टोकांना दोघे बसले. समोरच्या बंद दुकानाच्या दारावर ऊन पडलं होतं. बस यायला वेळ होता. थोरल्यांनी बुटावरचा साबणाचा डाग बोटानं पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि म्हणाले, "उद्या... सकाळच्या पाळीलाच यायचं ना?"

घडीरावांना वाटलं, थट्टा करावी, म्हणावं की कान पण रुळात गेले की काय तुमचे. ते त्यांच्याकडे वळलेही. पण थोरल्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं की हा माणूस काही विसरलेला नाही. त्याला फक्त ते पुन्हा ऐकायचं आहे. उद्या यायचं का, हे घडीरावांना या सगळ्या वर्षांत एकदाही कुणाला विचारावं लागलं नव्हतं. रोज रात्री ते उद्याला शिव्या घालत झोपले होते, आणि तो रोज सकाळी आला होता.

ते बाकावरून सरकून थोरल्यांच्या जवळ गेले.

"हो दादा," ते म्हणाले. "उद्याही सकाळचीच. आणि परवाही सकाळचीच."